चटणीतला जवळा

गिरीज, १४ जानेवारी २०२५

ति. सुझानताईस केनीचा जय ख्रिस्त व सा. न.

फोनवर आई कान देऊन असते, म्हणून लिहितोय. माझी एलिना परवा आयसीयूतून घरी आली. चर्चच्या दारातल्या पुतळाबाईच्या वड्याने तिचा घसा सुजला, असं तिच्या पप्पांनी ठरवलं आणि भर लोकांत म्हातारीला टोपली उचलायला लावली.

ताई, वड्याचा काही दोष नाही. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर मी एलिनाला आईच्या हातचा म्हणून चटणी-पाव द्यायचो, त्या चटणीत सुक्या जवळ्याची पूड होती. तिला कोळंबी, जवळा चालत नाही हे ठाऊक असून. आई म्हणते, मासळी न खाणारी सून आपल्या घरात उपाशी मरेल. माझं डोकं फिरलं. तूच लिहिलं होतंस ना, थोडं थोडं अन्न पोटात गेलं की काही पेशी बाकीच्यांना गप्प बसायला शिकवतात? म्हणून चिमूट चिमूट घालत होतो. आधी काही झालं नाही, तेव्हा त्या रविवारी शहाणपणाने जास्त घातली. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं, मी भिंतीकडे बघत राहिलो.

ती गेली तर मी संपलो. काय करू?

तुझाच, कॉलेज सोडलेला दीडशहाणा,
केनी

पुणे, १८ जानेवारी

चि. केनीस अ. आ.

पत्र वाचून प्रयोगशाळेत बसवेना. मी हौसेने लिहिलं ते उंदरांच्या आतड्यातलं, तेही अर्धं. त्याची लाज मलाही आहे. एलिनाच्या अंगातल्या, अ‍ॅलर्जी घडवणाऱ्या मास्ट पेशी जवळ्याच्या कणासाठी टपलेल्या असतात. तो आला की त्या फुटतात आणि घसा बंद. सवय लावायचे उपचार असतात, पण डॉक्टरांच्या नजरेखाली आणि माणसाला सांगून. आम्ही रक्ताचा थेंबही संमतीशिवाय घेत नाही रे. तू तिला विचारलंस तरी का? उद्याच जाऊन सांग. शिव्या खा. पुतळाबाईकडेही जा.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई

गिरीज, २७ जानेवारी

ति. ताईस सा. न.

सांगितलं. तिच्या पप्पांनी थोबाडीत दिली. पहिल्यांदाच माझा हात उलटून उठला नाही. पुतळाबाईने आधी एलिनाची तब्येत विचारली, मग म्हणाली, माझ्या वड्याचं नाव चारचौघांत घालवलंय, चारचौघांतच परत दे. काल मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर उभं राहून सगळं बोललो. आई मान खाली घालून रिक्षात जाऊन बसली.

एलिना आली होती. वाटलं, ओरडेल. तिने हळूच विचारलं, की पाव किती छान झालाय असा तुझ्या आईला मी तुझ्याबरोबर निरोप दिला होता, तो ऐकताना तुला काय वाटलं?

मग तिने पुतळाबाईला वड्यात काय काय आहे ते विचारून घेतलं आणि तिथेच उभ्याने खाल्ला. ठसका लागला, म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली. दुकानातली, सीलही तोडलेलं नव्हतं. तिने घेतली नाही.

तुझा राग निवेल तेव्हा निवो, माया तेवढी राहू दे.

केनी