थकवा मोजायचं घड्याळ

सोमवार, ६ जानेवारी
डायलिसिसचं तिसरं वर्ष. सेंटरला थकव्याची पाहणी चालू झालीय. फिजिओथेरपिस्ट सोनम मॅडमनी विचारलं, काका, थकवा किती, शून्य ते दहा? शून्य सांगितलं. उभा जन्म वाशी मार्केटात बटाट्याची पोती उचलली. बेडवरून उठताना नर्सनं हात दिला. नको म्हटलं तर तिला वाईट वाटलं असतं, म्हणून धरला.
हालचाल आणि झोप मोजणारं घड्याळ मिळालंय. आठवडाभर घालायचं. संकल्प: रोज सेक्टरला एक चक्कर.

मंगळवार
कालच डायलिसिस झालं. चक्कर उद्यापासून.

बुधवार
आज पुन्हा डायलिसिस. आजचं धरायचं नसतं.

गुरुवार, सकाळी
गेटपर्यंत गेलो. वॉचमन पंढरी बिचारा एकटाच. त्याला कंपनी म्हणून त्याच्या खुर्चीत बसलो. तो उभा होता. बायको शालन भाजी घेऊन आली, तिच्याबरोबर वर आलो. लिफ्ट मोकळीच होती.

शुक्रवार
मॅडमनी घड्याळ तपासलं. म्हणाल्या, काका, हालचालच दिसत नाही, काढून ठेवलं होतं का? म्हटलं, पीसच खराब असणार.

शनिवार
पट्टा टोचतो. डायलिसिसची वेळ सोडून घड्याळ शालनच्या हातात. ती म्हणाली, माझं कशाला मोजताय? म्हटलं, नवरा-बायकोचं एकच धरतात.

बुधवार, १५ जानेवारी
रिपोर्ट. मॅडम बराच वेळ स्क्रीनकडे बघत होत्या. म्हणाल्या, हा माणूस पहाटेपासून उभाच आहे, दुपारी पाठ टेकत नाही, झोप नावाला. हे तुम्ही नाही, काका. कोण आहे?
मी टेक्निकल बिघाडाचं सुचवलं. चाललं नाही.
शालन बाहेर डबा घेऊन बसली होती. तिला आत बोलावलं. तोच प्रश्न, शून्य ते दहा. तिनं विचार केला आणि विचारलं, दहाच्या पुढं नसतंय का?
मी छताकडे बघितलं. डॉक्टरांनी तिचं रक्त तपासायला घेतलं.

गुरुवार, दुपारी
शालनचं हिमोग्लोबिन फार कमी. गोळ्या आणि सक्तीची विश्रांती. म्हटलं, आजपासून स्वयंपाक माझा. तिनं दोनदा विचारलं, नक्की ना? मग झोपली. दिवसा झोपलेली पहिल्यांदाच बघितली.
जमिनीवर बसून कांदा चिरला. छान बारीक. मग उठायला गेलो, उठता येईना. ओट्याला धरून बघितलं, तरी नाही. हाक मारायला तोंड उघडलं. मिटलं.
तिला जाग येईपर्यंत तिथंच बसून राहिलो.