ट्रंक इथंच ठेवली आहे

अप्पा,

आज राधानगरीच्या शाळेत मास्तरीण म्हणून हजर व्हायचं आहे. पहिल्या मोटारीनं निघाले.

तुम्ही आणलेली लोखंडी ट्रंक रिकामीसुद्धा मला एकटीला उचलत नाही, आणि ती उचलायला घरातला एकही पुरुष मोकळा होत नाही. म्हणून जुन्या बाजारातून पलटणीची कॅनव्हासची पाठपिशवी घेतली. हलकी आहे, शिवण ओढून बघितली. पुस्तकं भरून रंकाळ्याला फेरी मारली, रुंद पट्टे खांद्याला काचले नाहीत.

"पाठीवर ओझं घेतलेली बाई गाढवागत दिसती," म्हणालात. आई नदीवरून ओलं धुणं डोक्यावर आणायची, तेव्हा ती कशी दिसायची ते कधी बोलला नाहीत.

ती ट्रंक आता धाकट्या नंदिनीला देऊ नका. तिच्या मापाची पिशवी मी बघून ठेवली आहे.

कालिंदी