निळा शर्ट मिळाल्यानंतर

प्रिय अहो,

असा मायना वाचून तुम्ही हसाल. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी नावानं हाक मारली नाही, मग कागदावर एकदम कशी मारू? फोन असताना पत्र कशाला, हेही मनात येईल. तर फोनवर तुम्ही बोलता आणि मी हो हो म्हणते, म्हणून. जयदीप गुरुवारी कंपनीच्या कामासाठी तुमच्याकडे गुजरातला निघालाय, त्याच्याजवळ हे देते आहे. सोबत आईंनी शेंगदाण्याची चटणी दिलीय. पाकीट मुद्दाम चिकटवलंय. तुमचा मित्र कितीही भला असला तरी त्याला चौकशा फार.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. नवी लाइन सुरू करून द्यायला म्हणून तुम्ही तीन महिन्यांसाठी गेलात, आणि आता साहेब म्हणतात, इथंच राहा, सुपरवायझर करतो, स्टाफमध्ये घेतो. क्वार्टर मिळेल, दोन बेडरूमचं. सृष्टीला मोठी शाळा. सोमवारी तुम्हाला हो की नाही ते सांगायचंय, आणि तुम्ही हो म्हणालात की आम्ही दोघींनी चिखलीचं घर आवरून तिकडे यायचं. काल हे सगळं सांगताना तुम्ही इतके भरभरून बोलत होतात की मला मध्ये तोंड घालवेना. तुमचा तो आवाज मी ओळखते. लग्नाच्या आधीपासून ओळखते.

कांदेपोह्यांच्या दिवशी तुम्ही कंपनीचा आकाशी निळा शर्ट घालून आला होतात. मुलगी बघायला कुणी कंपनीचा शर्ट घालून येतं का? पण चाकणच्या त्या कंपनीत निळा शर्ट पर्मनंटवाल्यांचा आणि राखाडी कंत्राटी कामगारांचा, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सात महिने झाले की ब्रेक देऊन घरी बसवतात, अशा राखाडी शर्टवाल्याला कोण मुलगी देणार? म्हणून तुम्ही जयदीपचा शर्ट मागून आणलात. फक्त एक विसरलात, की खिशावर दोऱ्यानं त्याचं नाव विणलेलं आहे. ते वाटेत कधीतरी लक्षात आलं असणार, कारण आल्यापासून तुमचा पंजा छातीवरच होता. माझ्या आईनं तर आत येऊन विचारलं, मुलाला काही दुखतंय का. मी पोह्यांची बशी पुढे केली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला दिला, आणि तुम्हाला दोन्ही हात लावावेच लागले. मी नाव वाचलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. तुमचे कान लालभडक झाले होते.

मी ते घरात कुणाला सांगितलं नाही. बाबांना मागाहून कळलं तेव्हा ते हे स्थळ मोडायलाच निघाले होते, मीच हट्ट धरला. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. आमच्या घरी कुणाला कधी काही हवंच नसायचं. जे होतं त्यात भागवायचं आणि गप्प बसायचं. आणि समोर हा माणूस, ज्याला एखादी गोष्ट इतकी हवी आहे की तिच्यासाठी तो भर दुपारी दुसऱ्याच्या नावाचा शर्ट घालून लोकांच्या घरी येतो! मला तुमचं ते हवं असणंच आवडलं. ते मी लग्न करून घरी आणलं, आणि ते घरात पाय पसरून राहिलं, यात दोष द्यायचा तरी कुणाला?

पर्मनंटचं पत्र आलं तो दिवस मी विसरणार नाही. आईंनी गावच्या भैरोबाला नारळ फोडला, तुम्ही गल्लीत पेढे वाटले, आणि रविवारी सुट्टी असून निळा शर्ट घालून भाजी आणायला गेलात. त्या महिन्यात तुम्ही खूश होतात, अगदी मनापासून. मग एकदा जेवताना म्हणालात, स्टाफवाल्यांची कॅन्टीनमध्ये वेगळी टेबलं असतात. वाक्य साधंच होतं, पण मी भाकरी थापता थापता थांबले. मला कळलं की महिना संपला.

तुम्हाला एकट्याला नावं ठेवत नाही. वॉशिंग मशीन घेतलं तेव्हा मी आणि सृष्टी स्टूल टाकून त्याच्यापुढे बसलो होतो, कपडे गरगरताना बघत. आता त्याच्यावर न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग असतो आणि मला समोरच्यांसारखी मोठी बाल्कनी हवी असते. तुमच्या गेटासमोरचे बबनराव बघा ना. नोकरीत होते तोवर व्हीआरएस कधी निघते याची वाट बघत होते. निघाली, पहिल्या झटक्यात घेतली, चहाची टपरी टाकली. मागे मी तुमचा डबा द्यायला गेटावर गेले होते तेव्हा शिफ्टचा भोंगा झाला, तर हातातलं पातेलं तसंच धरून आत जाणाऱ्या पोरांकडे बघत उभे. मला म्हणाले, "आत होतो तेच बरं होतं बघा, वहिनी." आणि आत जाणारी पोरं बबनरावांकडे बघून म्हणत असतील, सुटला राव हा माणूस. कंत्राटी पर्मनंटकडे बघतो, पर्मनंट स्टाफकडे, स्टाफ व्हीआरएसकडे, आणि व्हीआरएसवाला पुन्हा गेटाकडे. मला याचं हसू येतं. रडू यायला हवं होतं का, कुणास ठाऊक.

इकडची खबर म्हणाल तर सृष्टीचा दात पडला आणि तिनं तो तुम्हाला दाखवायला डबीत ठेवलाय. आई गावाहून आल्यात, त्या अजून आठवडाभर आहेत. तुमची बातमी त्यांना सांगितली तर शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "त्याला हितं काय कमी हाय व्हय? त्याच्या बापाचंबी असंच. आपलं ताट म्होरं असताना नजर दुसऱ्याच्या वाटीत." आणि मग जरा वेळानं, "पर पोरगं कष्टाळू हाय, न्हाई म्हनता येत न्हाई." दोन्ही खरंच आहे.

आणि एक गोष्ट फोनवर सांगायची राहिली. राहिली म्हणजे मी राहू दिली. तुम्ही गेल्यावर मी तळवड्याच्या एका लहान वर्कशॉपमध्ये जायला लागले. रबराच्या वायसरांची जास्तीची कड कात्रीनं कापून टाकायची, एवढंच काम. सृष्टी शाळेतून यायच्या आत परत. आम्ही चौघीजणी असतो, कौशल्याबाई आमच्यातल्या मोठ्या. त्या दिवसभर सुनेच्या तक्रारी करतात आणि संध्याकाळी तिच्यासाठीच गजरा घेतात. कामात काही सुख आहे असं नाही. मान अवघडते, बोटांना रबराचा वास राहतो. पण परवा कापता कापता माझ्या ध्यानात आलं की सकाळपासून मला काहीच हवंसं वाटलेलं नाही. बाल्कनीसुद्धा नाही. मी घाबरलेच. नवरा लांब, पोरीच्या परीक्षा तोंडावर, आणि आपण अशा बऱ्या कशा? जरा शोधून पाहिलं कुठून येतंय ते. सापडलं नाही. मग शोधणं सोडून पुढचा वायसर घेतला.

तुमची आठवण येत नाही असं समजू नका. फार येते. कुकरची शिट्टी झाली की "किती झाल्या?" असं विचारणारं कुणी नसतं, तेव्हा तर येतेच. इथं असताना त्या प्रश्नाचा मला वैताग यायचा. म्हणजे माझीही गत बबनरावांसारखीच, मी काही वेगळ्या मातीची नाही. पण या ओढीचं मी काही करत नाही. ती येते, बसते, जाते. तुम्हाला ती बसूच देत नाही, लगेच उठवून कामाला लावते.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आम्ही तिकडे येणार नाही. रागानं नाही, तुम्हाला अडवायचं म्हणूनही नाही. तुम्हाला ती नोकरी हवी असेल तर घ्या, मी आईंना समजावीन, सृष्टीला समजावीन, सुट्टीत तुम्ही याल तेव्हा पुरणपोळी करीन. पण सोमवारी साहेबांपुढे उभे राहाल तेव्हा "घरच्यांसाठी करतोय" असं म्हणू नका. पर्मनंट घरच्यांसाठी, ओव्हरटाइम घरच्यांसाठी, आता स्टाफही घरच्यांसाठी. आजवर मी मान डोलावत आले, म्हणून दोष माझाही असेल, पण आम्ही हे मागितलं नव्हतं हो. दर वेळी फोन ठेवताना तुम्ही विचारता, तुला काय आणू, आणि मी पटकन काहीतरी सांगून टाकते, साडी, कढई, काहीही, कारण नाही म्हटलं की तुमचा आवाज पडतो. या वेळी नीट विचार करून सांगते. मला तुम्ही हवे आहात. आलात तर हात हलवत या. काही आणू नका.

तुमचीच, पण चिखलीतच राहणारी,
मिनल