आईचा दगड

ल'एस्टेर, कॅरियाकू
बुधवार, ८ सप्टेंबर

प्रिय ॲलरिक,

तू, डोरीन आणि छोटी बरे असाल, वेळेवर जेवत असाल असं धरून चालते. एरवी पुढची ओळ 'आम्हीही इकडे मजेत' अशी लिहिली असती. पण तुझ्याकडे टीव्ही आहे. तो पांढरा भोवरा तुला दिसतच असणार, आणि त्याच्या वाटेतलं आपलं बेट बहुतेक दिसतही नसेल, इतकं ते लहान.

फोन सकाळपासून मेला आहे. शेजारच्या टांटी युफेमियाची नात मार्लीन सुट्टीवर आली होती. काय मुहूर्त शोधला बघ! ती दुपारच्या बोटीने ग्रेनाडाला आणि तिथून शेवटच्या विमानाने तुमच्या न्यूयॉर्कला जाते आहे. धक्क्यावर जाताना ती इथे थांबणार आहे, तोवर जमेल तेवढं लिहिते. अक्षर समजून घे, खिळे ठोकून हात भरून आलेत.

आमच्या घराची तयारी झाली. खिडक्यांवर फळ्या मारल्या, पिंपं भरली, बकऱ्या सोडून दिल्या. त्यांचं त्यांना आपल्यापेक्षा बरं कळतं. आमच्या नवरोबांनी छपराचे पत्रे होडीच्या दोरांनी आवळून आंब्याच्या बुंध्याला बांधलेत. बोनिफेसला गाठ मारायला मिळाली की जेवायचं भान राहत नाही, ठाऊक आहे ना तुला? सगळ्यांच्या होड्या टिरेल बेच्या खारफुटीत नेऊन ठेवल्या. पपांची आईच्या नावाची 'इओना'सुद्धा. तिला त्याने मुळांना इतकं जखडलंय की म्हणतो, "खारफुटी उपटेल, पण होडी हलायची नाही."

दुकानात सार्डिनच्या डब्यांवरून बायका हातघाईवर आल्या होत्या. टांटी युफेमिया मात्र ढिम्म. "अगं, वादळाला आपला पत्ता माहीत नाही. मागचं ते इव्हान वादळसुद्धा ग्रेनाडालाच गेलं की नाही?" मी म्हटलं, "टांटी, हे विचारत विचारत येतंय." तेव्हा कुठे तिने उशी बगलेत मारली आणि टेकडीवरच्या शाळेत गेली. अर्धं गाव तिथेच आहे. शाळेला वर स्लॅब आहे, आणि समुद्र तिथवर चढणार नाही.

पपा बरे आहेत. पाठ दुखते, पण ती नेहमीचीच. काल स्वतः शिडीवर चढून त्यांनी

नाही, ॲलरिक. पपा त्यांचं घर सोडायला तयार नाहीत.

तू आपलं घर डोळ्यांपुढे आण. दारापासून वाळू किती लांब आहे? आता वाळू राहिलीच नाही. वादळ अजून लांब आहे आणि लाट अंगणातल्या बदामाच्या झाडाला लागते आहे. उद्या तिथे काय होईल ते लहान पोरालाही कळेल. आणि पपा पुढच्या खोलीत बाकावर बसलेत, आईच्या थडग्याच्या दगडाशेजारी. त्यावर अजून पहिल्या दिवशीचीच पांढरी चादर आहे. दर रविवारी ती धुऊन परत घालतात.

सकाळी मी, बोनिफेस, शेवटी पाद्रीबाबा, सगळे जाऊन आलो.

"पपा, चला आता."

"तिला एकटीला टाकून?"

"आई वर टेकडीवरच्या थडग्यात आहे, पपा."

"वर खड्डा आहे. दगड घरात आहे तोवर बाई घरात आहे. तुला हे नव्याने शिकवू का मी?"

बोनिफेस म्हणाला, "मग दगडच शाळेत नेऊ या की." पपांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा टोपी चाचपायला लागला. "जावईबापू, दगड म्हणजे काय गादी आहे? घरातून उचलला की थेट थडग्यावर. मध्ये टेकवायचा नसतो."

"तर मग आजच उभा करू," मी म्हटलं.

"ॲलरिकशिवाय?" एवढंच म्हणाले आणि चादरीची सुरकुती नीट करत बसले.

तुझं नाव मी त्यांच्या तोंडून किती वर्षांनी ऐकलं! शिव्या देताना ते 'तुझा भाऊ' म्हणतात. दोन्ही लेकरांचे हात लागल्याशिवाय इओनाचा दगड उठणार नाही, हा त्यांचा हट्ट आई गेल्यापासूनचा. दर वर्षी दगड उभा करतानाच्या गावजेवणासाठी मका नि डुक्कर धरून ठेवायचं, दर वर्षी तुझा साहेब रजा देत नाही असा फोन यायचा, की डुक्कर विकायचं. त्यांना वाटतं तुला यायचंच नाही. ते तरीही थांबलेत. उद्या त्या दगडापायी ते बुडतील. मला भीती वाटते रे. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

बोनिफेस हाक मारतोय. परत एकदा प्रयत्न करून येते.

*

मार्लीन अजून आलेली नाही. वारा वाढलाय, कागदावर भांडं ठेवून लिहिते आहे.

दगड उभा राहिला, ॲलरिक. आई आता तिच्या जागी आहे आणि पपा शाळेत आहेत. हे आधी वाच आणि श्वास घे.

आता कसं झालं ते. नाही लिहिलं तर बरं, असं घटकाभर वाटलं. पण फोन सुरू झाला की तुला दुसऱ्या तोंडून कळेल, आणि ते वाईट.

मी पपांना तुझं खरं सांगितलं.

तुझ्याकडे तिथे राहायचे कागद नाहीत. तू इथे पाऊल ठेवलंस तर तुला परत आत घेणार नाहीत, आणि डोरीन नि छोटी तिकडे आहेत. साहेबही नाही, रजाही नाही. आईला मातीत ठेवलं त्या दिवशी तू तिथल्या जिन्यावर बसून फोनवर रडत होतास, हेसुद्धा सांगितलं. तू मला आईची शपथ घातली होतीस. आपला पोरगा तिकडे चोरासारखा लपून राहतो हे पपांना कळायला नको, म्हणाला होतास. ती शपथ मी आईच्या दगडासमोर उभं राहून मोडली. लाट उंबऱ्यावर आली होती आणि ते बूट काढून पाय वर घेऊन बसले होते. मला दुसरं काही सुचलं नाही. सुचलं असतं तरी सांगितलंच असतं, खोटं कशाला लिहू?

त्यांनी बूट परत पायात चढवले. मग म्हणाले, "न येणं वेगळं. येता न येणं वेगळं."

मग एकदम उठले आणि माझ्यावरच ओरडले. "आणि तुला माहीत होतं! मी या टेबलाशी बसून माझ्या पोराला शिव्या घालत होतो, आणि तू पुढ्यात बसून माझं ताट वाढत होतीस!" बोनिफेस मध्ये पडायला गेला, त्याला म्हणाले, "तू दगडाची ती बाजू धर."

पपा, बोनिफेस आणि शेजारचे दोघे, अशा चौघांनी उचलला. मी पुढे होते. वाऱ्याने चादर हिसकावून नेली, ती कुठे गेली कोणी पाहिलंही नाही. ढोल नाही, नाच नाही, डुक्कर तर नाहीच. मी आदल्या दिवशीचं मक्याचं कू-कू आणि तुरीचे दाणे एका ताटात घेतले, पितरांचं ताट म्हणून. झाकायला हात पुरेना, अर्धं वाटेतच उडालं. चढावर बोनिफेसचा पाय सरकला, पण कोणी दगड टेकवला नाही. पपा मागून ओरडत होते, "टेकवू नका रे, टेकवू नका!" त्यांची पाठ त्या वेळी कुठे गेली होती कोण जाणे.

सिमेंट कालवायला वेळ नव्हता. खड्ड्यात दगड उभा करून भोवती धोंडे ठासले. वादळाने पाडला तर पुन्हा उभा करू, पपा म्हणाले, पण ती आता घरातून निघाली.

मग थडग्यावर शिंपण. आधी पाणी, मग जॅक आयर्न रम. मी माझ्या वाटचं ओतलं आणि आईला माझं नाव सांगितलं. मी बाटली पपांना द्यायला वळले, तर ते डावा हात पुढे करून उभे होते. म्हणाले, "आधी पोराच्या वाटचं." डाव्या हाताने त्यांनी तुझं ओतलं. वाऱ्यात शब्द ऐकू येत नव्हते म्हणून ओरडून सांगितलं, "इओना, ॲलरिक आला नाही, कारण त्याला दार उघडत नाहीत! त्याचं मन इथेच आहे! रागावू नकोस त्याच्यावर, मी रागावलो तेवढं पुरे!" मग उजव्या हाताने स्वतःच्या वाटचं ओतलं. बाटलीत उरलं होतं ते बोनिफेसच्या हातात गेल्यावर कुठे गेलं ते विचारू नकोस.

तिथून ते सरळ शाळेत चालत गेले. माझ्याशी बोलत नाहीत. टांटीला म्हणाले, "तिला सांग, माझी गोळी घरी राहिली." मी गोळी नेऊन दिली, तर ती टांटीच्या हातून घेतली. घेऊ देत. कोरड्या जागी बसून वर्षभर माझ्याशी अबोला धरू देत, मला चालेल.

मार्लीन आली. बाहेर तिचा गाडीवाला भोंगा वाजवतोय.

तू माझ्यावर चिडणार. तुझा हक्क आहे. जे बोलायचं ते मला बोल, वादळ गेल्यावर मी इथेच असेन, देवाची इच्छा असेल तर. पण एक कर. फोन लागला की पहिले पपाच तो उचलतील. त्यांना साहेबाची आणि रजेची गोष्ट सांगू नकोस. घाबरूही नकोस. तुला काय विचारायचं ते त्यांनी शाळेत टांटीला आधीच विचारून पाहिलंय, मी दाराआडून ऐकलं: "त्याची पोरगी मला आजोबा म्हणेल का, की तिथलं काहीतरी म्हणेल?"

तिला आतापासून शिकव.

शब्द न पाळलेली, तरी तुझीच बहीण,
व्हर्ना