तबकडी, चेंडू आणि वरचं शेत

ती. शरददादास रोह्याहून मैनाचा नमस्कार.

"चेंडू मला लागलाच नाय गो," असं तू आपल्या कासू गावच्या खळ्यावर लगोरी खेळताना म्हणाला होतास, त्याला पस्तीस वर्षं झाली. रविवारी ते वाक्य पुन्हा आठवलं, म्हणून हे पत्र. गुडघा कसा आहे? विमलवहिनींचा खोकला गेला का? भात कापून झालं असेल. वरच्या शेतात वाल पेरलेस का? (नसतील पेरले, तर पत्र पुरं वाचेपर्यंत थांब.)

तुझी भाची मनाली हल्ली अल्टिमेट फ्रिस्बी खेळते. ताटाएवढी प्लॅस्टिकची तबकडी, सात जण इकडे, सात तिकडे, मुलं-मुली एकाच संघात. तबकडी एकमेकांकडे फेकत न्यायची, पलीकडच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्याच माणसाने झेलली की गुण. खाली पडली की ती दुसऱ्यांची. माघात पेणला त्यांची स्पर्धा आहे, आणि ज्या मैदानावर सराव करतात तिथे आता दोन महिने कसलंसं प्रदर्शन. रविवारचा कोलाडशी सामना तिथला शेवटचा, त्यात यांची एक मुलगी तापाने पडली. मनाली म्हणाली, "आई, तू नुसती उभी राहा." मी ओढणी कमरेला बांधून उभी राहिले.

तबकडी नेमकी माझ्याच हातात आली. ती छातीशी धरून मी जी पळत सुटले! सगळे ओरडत होते, मला वाटलं कौतुक चाललंय. (तबकडी हातात असताना पळायचं नसतं.) दुसऱ्यांदा आली तेव्हा शहाण्यासारखी जागेवर थांबले. समोर कोलाडचा आदेश मोठ्याने एक, दोन, तीन म्हणू लागला. पहिलीच्या वर्गावर वीस वर्षं काढलेली मी, कुणी अंक म्हणू लागलं की माझं तोंड आपोआप चालतं. आम्ही दोघांनी मिळून सुरात दहापर्यंत म्हटलं. दहाच्या आत तबकडी फेकायची असते, हे नंतर कळलं. आदेशने हळूच विचारलं, "बाई, तुम्ही आमच्यातल्या काय?"

पण दादा, सांगायचं ते पुढेच आहे. धावताना माझं कोपर त्यांच्या सावनीला लागलं आणि तिच्या हातातली तबकडी निसटली. मी शिट्टीची वाट बघत राहिले. या खेळात पंचच नसतो. ज्याचं त्याने सांगायचं. सावनी म्हणाली, "काकू, धक्का लागला ना?" बाकी कुणी पाहिलं नव्हतं. तुझं वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, अगदी तुझ्या चालीसकट. मग म्हटलं, "व्हय गो, लागला." तिने मान डोलावली, तबकडी घेतली, खेळ पुढे सुरू. भांडण नाही, रुसवा नाही. इतकं सोपं असतं ते, मला या वयात कळलं.

आम्ही हरलो. शेवटी दोन्ही संघ खांद्यांवर हात टाकून गोल उभे राहिले आणि समोरच्यांचं काय आवडलं ते सांगू लागले. आदेश म्हणाला, "बाईंचे अंक लय स्पष्ट हायत." घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते.

तुझी,
मैना

ता. क. यंदा वरच्या शेतात वाल पेरू नकोस. बांधापासून बांधापर्यंत सपाट आहे, सरावाआधी धसकटं मुलं स्वतः काढतील. वहिनींना वाल मी इथून आणून देईन. (बाजारचे वाल वाल नसतात, हे तू म्हणशीलच.)

आणखी एक. शेत जमत नसेल तर दुसरं काही मागते. तो चेंडू तुला लागला होता, डाव्या पोटरीवर, एवढं एकदा म्हण. म्हणणार नाहीस, मला ठाऊक आहे. तेव्हा शेतच दे.