सोनाली नेमकी कुठल्या घरची

४ नोव्हेंबर
सोनालीचा जर्मनीहून फोन. तिथलं नागरिकत्व घे म्हणून जावईबापू मागे लागलेत. त्यांनी स्वतः मागेच घेतलं. हिने नाही. तिथलं घेतलं की इथलं जातं, आणि इथलं गेलं की मतही गेलं. मतदानासाठी सुट्टी काढून येणारी पोरगी ही. लोक सख्ख्या भावाच्या लग्नाला येत नाहीत.
यादीतून तिचं नाव उडालंय, म्हणून परदेशी राहणाऱ्या मतदारांचा अर्ज तिने ऑनलाइन भरलाय. पासपोर्टवर पत्ता आमचाच, नाशिकरोडचा. आता घरी तपासणीला कोणी येणार म्हणे. येवो. चहा करू.

९ नोव्हें.
नको तेच झालं. मी भाजीला गेले आणि मतदारयादीचं काम लावलेल्या शाळेतल्या मॅडम येऊन गेल्या. ह्यांनी त्यांना सांगितलं, "ती इथली कुठं आता? दिल्या घरी गेली. सासर कळवणचं." मॅडमनी 'या पत्त्यावर नाही' असं लिहून नेलं.
असं का बोललात, विचारलं. "लग्न झालेली लेक बापाच्या घरात दाखवू? शेजारचे दारात उभे होते. उद्या विचारतील, नांदत नाय का?"
सगळी नोकरी इथे नोटांच्या प्रेसमध्ये केली, पण डोकं अजून गावी, नामपुरातच. भयंकर राग आला. जेवायची नाही म्हटलं. मग जेवले.

११ नोव्हें.
कळवणला विहीणबाईंना फोन. तिकडे तरी नाव लागेल का ते विचारायला.
"आमच्याकडं तिचं नाव कधी लावलंच नाय, ताई. लगीन झालं अन् दोघं बाहेर गेले. पासपोर्ट बी तुमच्याच पत्त्याचा हे ना?"
खोटं काय त्यात. माहेर म्हणतं सासरची, सासर म्हणतं माहेरची. पोरीने मत द्यायचं कुठून, विमानातून?
सोनालीला सांगितलेलं नाही. सांगायला हवं. उद्या.

१३ नोव्हें.
सांगितलं. "बाबा असं म्हणाले?" एवढंच.
नंतर हळूच, "मग मी कशासाठी अडून बसलेय, आई?"
रडू आलं, पण ते तिला कळू दिलं नाही.
तिच्या अर्जावर मंगळवारी सुनावणी आहे. मॅडम म्हणाल्या, काकांनाच घेऊन या. हे शर्टाला इस्त्री करून ठेवतायत, आज गुरुवार आहे तरी.

१८ नोव्हें.
सुनावणी. गर्दी बरीच. रांगेत नेमके नामपूरचे ओळखीचे भेटले. ह्यांचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, संपलं.
साहेबांनी विचारलं, सोनाली तुमच्या पत्त्यावरची का? ह्यांनी वळून पाहिलं. मागे नामपूरवाले कान देऊन. मी बोलणार तर साहेब म्हणाले, "काकांना बोलू द्या."
मग हे मोठ्यांदा म्हणाले, अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असे. "पत्ता आमचाच. घर तिचंच. परदेशात जायच्या आधी इथंच होती. आधी चुकीचं सांगितलं मी." आणि लगेच, "पण नांदते हो ती, साहेब. जावई चांगले आहेत."
"ते नाही विचारलं, काका."
सगळे हसले. हेही हसले. माझा इतक्या दिवसांचा राग तिथेच गेला.
निकाल? "कळवू."

२० नोव्हें.
काही नाही. मॅडमना फोन केला. वरून आलं की सांगते म्हणाल्या. सारखं सारखं किती विचारणार, त्यांनाही शाळा आहे. ह्यांनी मात्र परत करायला लावला. उचलला नाही.

२१ नोव्हें.
सोनालीचा फोन. नागरिकत्वाच्या सहीसाठी तिला सोमवारी बोलावलंय. ही वेळ सोडली तर पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही म्हणे.
"नाव आलं?"
"नाही अजून."
"मी किती थांबू, आई?"
थांब म्हणावं, तर कशाच्या जोरावर? एरवी हे थंडी किती आहे विचारतात आणि फोन माझ्याकडे देतात. आज हातातून घेतला. "सोनू, मी सांगितलं त्यांना. सगळ्यांसमोर सांगितलं, तू आमच्याच घरची म्हणून."
ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. हे नुसते "हो, हो" करत राहिले. फोन ठेवल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "हे आधीच सांगायचं होतं म्हणाली."
सोमवारी ती जाणार आहे का, ते विचारायचं धाडस दोघांपैकी एकालाही झालं नाही.