बाराची सावली

सोमवार, ३ फेब्रुवारी
माझी खाट जिन्याखाली टाकली. सुनेला, निशाला, विचारलं तर म्हणते, तुमच्या गुडघ्यांना बरं. गुडघे काय एकटे झोपतात? असो. आज अंजूरहून कामतघरला हितेशच्या नव्या घरी आले. पोरगा माझा हुशार. फरशी गार, उजेड भरपूर, शेजारचे कापडाचे लूम दिवसभर खडखडतात, तेवढीच सोबत.

मंगळवार, ४
सोलरवाला हिरामण आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला. गच्ची मापली, दक्षिण बघितली. पॅनलवर सावली चालत न्हाय म्हणाला. टाकीची सावली खडूने आखली. कोपऱ्यात आणखी एक होती, माणसाएवढी. ती पाडणारं वर काहीच न्हाय. तीही आखली. मला म्हणाला, आजी, रोज बाराला दोन्ही कुठे पडतात ते लिहून ठेवा. तिसरी शिकलेय, लिहिते.
हितेश कामाला सुरतेला गेला.

शुक्रवार, ७
टाकीची सावली खडूच्या आत. दुसरी रेघ सोडून जिन्याकडे चार पावलं सरकली. निशा म्हणाली, भास असेल. हिला तांदळातला खडा दिसत न्हाय.

सोमवार, १०
हिरामण बाराला वर गेला. मी जिन्यात. वर बाईच्या आवाजात हाक आली, हिरामण. एकदाच. आमच्याकडे पहिल्या हाकेला ओ देत न्हाईत. माणूस तीनदा हाक मारतो, तसली, बाहेरची, एकदाच. कधी तसलीची तिसरी आली तर मात्र घरातल्या कुणा एकाने ओ द्यायलाच हवी, न्हायतर अख्खं घरच जातं.
त्याला सांगता आलं असतं. सांगितलं न्हाय. बघायचं होतं.
त्याने ओ दिली. उतरला, उन्हात चालत गेला. पायाखाली सावली न्हाय.

मंगळवार, ११
हिरामण गेला. बसल्या जागी. निशा परक्यासाठी रडली. गच्चीवर आता माणसाएवढ्या सावल्या दोन.

गुरुवार, १३
दोन्ही जिन्यात. जिन्यात ऊन न्हाय, तरी —

शुक्रवार, १४
बारा. लूम बंद. हाक आली, आई. आवाज हितेशचा. हितेश सुरतेलाच, सकाळी फोन होता.
दात दाबून बसले.
पुन्हा आली. आई. दोनदा कशी — शिकल्या —
खाटेच्या पायाशी दोन्ही.
आता तिसरी —
निशा भात टाकतेय. नवऱ्याचा आवाज ओळखेल. मी तिला ओरडून सांगितलं, निशा, हितेश आलाय, हाक मारतोय, ओ तू द्यायची, मी न्हाय, तू —